नोकरी मुंबईत, खोली आसनगाव-वांगणी-सफाळे साइडच्या गावात: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

परळला नाहीतर अंधेरीला नोकरी लागते, हातात अठरा-वीस हजार येतात, आणि खोली बघायला निघालं की पहिल्या दोन रविवारातच कळतं की आपल्याला जमणारं भाडं आणि मालक सांगतोय ते भाडं यांची गाठच पडत नाहीये, वर डिपॉझिट वेगळं, एजंटची एका महिन्याची दलाली वेगळी. मग ऑफिसमधलं कोणीतरी सांगतंच, अरे आसनगावला बघ, वांगणीला बघ, सफाळ्याला बघ, तिकडे तीन-चार हजारात मिळते. मिळते, खोटं नाहीये. मी सात वर्षं तशा तीन खोल्यांत काढली, दोन कसारा लाइनला आणि एक कर्जत लाइनला. त्यातली पहिली फेब्रुवारीत घेतली आणि मेमध्ये सोडली, डिपॉझिटचे अर्धे पैसे पाण्यात गेले (खरंच पाण्यापायी गेले, पुढे सांगतो). आता ऑफिसात कोणी नवीन आलं की मलाच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

निघायच्या आधी: गावात खोली शोधणं वेगळं का पडतं

शहरात खोली भाड्याने द्यायलाच बांधलेली असते. गावात घर बांधतात ते राहायला, पोराच्या लग्नाला, पुढेमागे भाऊ वेगळे झाले तर वाटणीला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात शंभरातली साडेसत्तावीस कुटुंबं भाड्याच्या घरात होती आणि ग्रामीण भागात फक्त ३.४. म्हणजे गावात भाडेकरू हा प्रकारच मुळात कमी, आणि जी खोली निघते ती कोणाची तरी जास्तीची असते, पोरगा पुण्याला गेला म्हणून रिकामी पडलेली, किंवा जुन्या घराला लागून पत्रे टाकून काढलेली. सरकारी योजनांचंही तसंच आहे, गावाकडची घरकुल योजना स्वतःचं घर बांधायला १ लाख २० हजार देते, आणि २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची जी योजना आली ती शहरी आवास योजनेच्या पोटात. गावातल्या भाड्याच्या खोलीचा वाली कोणी नाही, ती मालकाची मर्जी आणि तुमची ओळख यावर चालते.

म्हणून मोबाइलवरच्या ॲपवर शोधत बसू नका. तिथे तुम्हाला स्टेशनजवळच्या नवीन बिल्डिंगमधले फ्लॅट दिसतील, गावातली खोली दिसणार नाही.

स्टेप १: लाइन ठरवा, मग स्टेशन, मग गाव

उलटं करू नका. लोक आधी खोली आवडली म्हणून घेतात आणि मग गाडी शोधतात.

ऑफिस भायखळा, दादर, कुर्ला, ठाणे पट्ट्यात असेल तर मध्य रेल्वे. कल्याणनंतर दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला जातो, सीएसएमटीपासून साधारण १२० किलोमीटर. दुसरा बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड करत कर्जतला, साधारण १००. ऑफिस अंधेरी-बोरिवलीकडे असेल तर पश्चिम रेल्वेचं विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, डहाणू. तिकडे लोकल सुरू झाली २०१३ मध्ये, त्याआधी सगळं मेमू-शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर होतं, आणि अजूनही विरारला मिळतात तितक्या गाड्या पुढे मिळतील असं समजू नका.

खरी गोम इथेच आहे. टिटवाळ्यापर्यंत, बदलापूरपर्यंत, विरारपर्यंत गाडी चुकली तर दुसरी लवकर येते. त्याच्या पुढे गाडी चुकली की अर्धा तास, पाऊण तास, दुपारी कधी कधी त्याहूनही जास्त बसून राहायचं. त्यामुळे टाइमटेबल काढा, तुमच्या ड्युटीच्या वेळेच्या पुढच्या-मागच्या दोन-दोन गाड्या कागदावर लिहा, आणि त्या कुठून सुटतात ते बघा. आसनगावहून सुटणारी गाडी आणि कसाऱ्याहून येणारी गाडी यात बसायला जागा मिळण्याचा फरक आहे, आणि रोजचे दोन तास उभं राहून जाणं हे आठवडाभर मजेत वाटतं, तिसऱ्या महिन्यात पाय बोलायला लागतात. शेवटची गाडीही लिहून ठेवा. सेकंड शिफ्टवाल्यांनी तर तीच आधी बघावी, कारण ती गेली की रात्र कल्याण स्टेशनवर.

पास सुरुवातीला महिन्याचाच काढा. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट पडतो, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट, स्वस्त आहे यात शंका नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत स्टेशन बदलायची वेळ येऊ शकते. माझी आली.

स्टेप २: भाड्याचा खरा हिशोब

समजा स्टेशनपासून सहा किलोमीटर आत खोली ३,००० ला मिळतेय. शेअर रिक्षा किंवा टमटम एका वेळेला ३० रुपये धरा, महिन्याचे २५ दिवस, जाऊन-येऊन १,५०० झाले. म्हणजे ती खोली ४,५०० ची आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ४,५०० ला मिळणारी खोली आणि ही सारख्याच किमतीच्या, वर चालत जायच्या खोलीत रिक्षा भरायची वाट बघावी लागत नाही. आणि शेअर रिक्षा संध्याकाळी सात-आठपर्यंत भरते, रात्री दहानंतर ड्रायव्हर म्हणतो स्पेशल करा, दीडशे द्या. महिन्यातून चार वेळा उशीर झाला की सहाशे त्यातच गेले.

बाइक असेल तर गणित बदलतं, पण स्टेशनच्या पार्किंगचे पैसे धरा आणि पावसात त्या रस्त्याने रात्री एकट्याने जाऊन बघा.

उन्हाळ्यातलं पाणी, सब-मीटरचं (मालकाच्या मीटरवरून खोलीला लावलेल्या वेगळ्या मीटरचं) लाइट बिल, गावाबाहेर जाऊन आणायचा भाजीपाला, हे सगळं मिळवून एक आकडा काढा आणि मगच टिटवाळा-बदलापूरच्या भाड्याशी तुलना करा. मी पाहिलेल्या दहा जणांपैकी तीन-चार जण हा हिशोब करून परत टिटवाळ्यालाच आले, आणि त्यात काही कमीपणा नाही.

स्टेप ३: कोणाला विचारायचं

स्टेशनबाहेर खांबावर 'रूम भाड्याने देणे आहे' असे कागद चिकटवलेले दिसतील, फोन करून बघा, पण त्यातल्या बऱ्याच खोल्या कधीच गेलेल्या असतात, कागद काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

गावात शिरल्यावर पहिलं दुकान किराणाचं. तिथे दहा रुपयाचं काहीतरी घ्या आणि विचारा. किराणावाल्याला कुठली खोली रिकामी आहे हे मालकाच्या आधी माहीत असतं, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते. त्यानंतर वायरमन, कारण मीटर कुठे लागला, कुठे कापला हे त्याला ठाऊक. मग शाळेतले गुरुजी किंवा बाई, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांतले कितीतरी जण बदली होऊन आलेले असतात आणि तेही गावात नाहीतर तालुक्याला भाड्यानेच राहतात, त्यांची बदली झाली की त्यांची खोली रिकामी होते, आणि गुरुजींनी सोडलेली खोली म्हणजे मालक बरा, असं समजायला हरकत नाही. आशाताई असतात, घराघरात जाणाऱ्या, त्यांना कुठल्या घरात किती माणसं हे तोंडपाठ.

माझी दुसरी खोली चहाच्या टपरीवरून मिळाली. तिथल्या दादाने विचारलं, कामाला कुठे, एकटे का फॅमिली, गाव कुठलं, आणि मग म्हणाला थांबा, गाडी वरून येऊ द्या, आमच्या काकांना विचारतो. हे 'आमचे काका' म्हणजे सख्खे काका असतीलच असं नाही, पण त्या एका वाक्याने मला एजंटची दलाली वाचली. रविवारी दुपारी जाऊ नका, सगळे झोपलेले असतात. संध्याकाळी सहा-सात बरी.

बंद बंगल्यांचं एक सांगून ठेवतो. नेरळ, कर्जत, मुरबाड, शहापूर भागात मुंबईकरांचे वीकेंड बंगले वर्षभर कुलूप लावून उभे असतात आणि तिथला केअरटेकर कधी कधी मागची खोली परस्पर भाड्याने देतो. स्वस्त असते, जागा सुंदर, झाडं-बिडं, पण मालकाला पत्ताच नसतो, आणि एक दिवस शनिवारी सकाळी गाडी येऊन दारात थांबली की तुम्ही सामानासकट रस्त्यावर. मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

स्टेप ४: पाणी

ह्यावर जास्त लिहिणार आहे.

मी पहिली खोली बघायला गेलो ती फेब्रुवारीत. वासिंदच्या पुढचं एक गाव, छान सारवलेलं अंगण, मागे वाल लावलेला, मालकीणबाई साठीच्या. मी विचारलं, मावशी पाण्याचं कसं आहे? त्या म्हणाल्या, विहीर आहे ना समोर. मी विहीर बघितली, पाणी दिसलं, हो म्हटलं. त्यांनी मला पाणी आहे असं सांगितलंच नव्हतं हो, विहीर आहे एवढंच सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. एप्रिलच्या मध्यावर त्या विहिरीत बादली टाकली की तळाचा गाळ यायचा. टँकर आठवड्यातून दोनदा, तो ज्या वेळेला यायचा त्या वेळेला मी कुर्ल्याच्या पुढे कुठेतरी गाडीत उभा. शेजारच्या घरातली पोरगी माझे दोन हंडे भरून ठेवायची, तेही रोज कोण करेल. मेमध्ये सोडली. मावशींनी अर्धं डिपॉझिट कापलं, म्हणाल्या अकरा महिने सांगितले होते ना. कागद नव्हता, भांडायला आधार नव्हता, आणि त्यांच्यावर राग तरी किती धरणार, त्यांनाही त्याच तळाच्या गाळातून प्यायचं होतं.

आणि हा शहापूर तालुका. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, भातसा हे सगळे तलाव याच पट्ट्यात, मुंबईला सगळ्यात जास्त पाणी भातसातून येतं, तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. सुट्टीच्या दिवशी भायखळ्याला मित्राकडे गेलो की नळ सोडून दात घासणाऱ्या माणसाकडे मी नुसता बघत राहायचो.

तर विचारायचं काय? 'पाणी आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: गेल्या मे महिन्यात तुम्ही पाणी कुठून आणत होतात? हा प्रश्न मालकाला विचारा, शेजारणीला वेगळा विचारा, आणि किराणावाल्याला विचारा की उन्हाळ्यात पाण्याचे जार किती खपतात. नळपाणी योजना असेल तर नळाला पाणी किती वाजता येतं, रोज की एक दिवसाआड, आणि मोटर लावतात का, कारण वरच्या आळीत मोटरी लागल्या की खालच्या आळीत थेंब येत नाही. बोअर असेल तर कोणाची, त्याचं लाइट बिल कोण भरतो, आणि पाणी मचूळ आहे का ते एक घोट पिऊन बघा. टाकी बघा. एकट्या माणसाला दोनशे लिटरचा ड्रम स्वतःचा घ्यावाच लागतो, मालकाच्या टाकीवर राहू नका.

शक्य असेल तर खोली एप्रिल-मेमध्येच शोधा. दोन फायदे, पाण्याचं खरं रूप दिसतं आणि लोक गावाला जाताना, पोरांच्या शाळा बदलताना खोल्या सोडतात, त्यामुळे तेव्हाच त्या निघतातही.

स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगवाल्यांनी हे वाचून हसू नये. वांगणी, शेलू, नेरळ, वासिंद, आसनगाव सगळीकडे सात-सात मजली उभ्या आहेत, अर्ध्याहून जास्त फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि बंद, म्हणून भाडं गावातल्या खोलीइतकंच. पण मेंटेनन्स कोण भरतो, सोसायटी झाली का अजून बिल्डरच्याच हातात आहे, लिफ्ट चालू असते का, भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंगमध्ये राहायला परवानगी देणारा सरकारी कागद) आलंय का, आणि टँकरचे पैसे भाड्यात धरलेत का वेगळे, एवढं विचाराच. पाचव्या मजल्यावर बंद लिफ्ट आणि हातात पाण्याचा वीस लिटरचा जार, मी एका मित्राकडे बघितलंय.

स्टेप ५: खोली बघताना

दिवसा बघा आणि एकदा तुम्ही कामावरून परत याल त्याच वेळेला बघा, म्हणजे रात्री नऊ-दहाला, तुमच्याच गाडीने उतरून, त्याच रिक्षाने. खोलीत आत जाऊन फोनला रेंज आहे का बघा, अंगणात असते आणि आत नसते. पत्रा असेल तर दुपारी दोनला आत पाच मिनिटं उभे राहा, मग ठरवा. कौलारू असेल तर पावसाआधी कौलं कोण चाळणार ते आत्ताच ठरवून घ्या, नाहीतर जूनमध्ये तुम्ही खाली पातेली मांडत बसाल. संडास स्वतंत्र की सामाईक, सामाईक असेल तर किती घरांत. मोरी आत आहे का. पोटमाळा असेल तर उंदीर असणार, हे गृहीत धरा.

पावसाचं एक वेगळं विचारा, गेल्या पाच-दहा वर्षांत पाणी कुठपर्यंत आलं होतं? उल्हास नदीच्या काठची गावं दिसायला फार सुंदर. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ पुरात अडकली होती, हजारावर माणसं बोटीतून काढली, ती हीच नदी. जुन्या घरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ असते, नवीन रंगाखाली ती लपते, म्हणून शेजारच्या न रंगवलेल्या घराची भिंत बघा.

आडनावाबद्दल

हे लिहू की नको असं वाटत होतं, पण नवीन माणसाला कोणीच आधी सांगत नाही. आडनाव विचारतात. कधी सरळ, कधी 'तुमचं गाव कुठलं, तिकडे कुठल्या आळीत' असं फिरवून. मग मटण-मासे चालतात का, एकटे का, देव कुठला. आणि मग फोन येतो की रूम गेली, भाचा येणार आहे राहायला. माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाला एका गावात चार ठिकाणी असेच भाचे भेटले. मुंबईतही हे होतंच, पण तिथे दुसरी बिल्डिंग असते, गावात दहाव्या मिनिटाला सगळ्यांना कळलेलं असतं. मुसलमान पोरांचे आणि एकट्या राहणाऱ्या मुलींचे हाल तर विचारूच नका. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये, जिथे मालक स्वतः राहत नाही, तिथे हा त्रास कमी होतो, आणि एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत, बोईसर-तारापूर म्हणा, बाहेरच्या माणसाची सवय असते म्हणून तिथेही कमी. जिथे मुश्किलीने हो म्हणवून घ्यावं लागतं तिथे पुढचे अकरा महिने जड जातात, तेव्हा सोडून द्या असं मी तरी सांगेन.

स्टेप ६: कागद

गावात पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, अहो कागद कशाला, आपली माणसं. ऐका, हसा, आणि कागद करा.

आधी घर त्या माणसाच्या नावावर आहे का बघा. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळतो, घरपट्टी कोणाच्या नावाने लागते ते त्यात असतं (तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा, दोन्हींत गोंधळ करू नका). घरपट्टीची शेवटची पावती दाखवा म्हटलं तरी काम भागतं. चार भावांचं सामाईक घर असेल तर बाकीचे तीन भाऊ गणपतीत येऊन 'तुम्ही कोण' विचारणार नाहीत ना, याची खात्री करा. या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत, त्या बिगरआदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायच्या तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आधी कलेक्टरची मंजुरी लागते, त्यामुळे कोणी तुम्हाला खोलीसोबत 'हे शेजारचे दोन गुंठेही वापरा, वर्षाचे इतके द्या' असं म्हटलं तर सातबारा बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

करार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, अकरा महिन्यांचा. लोक पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करतात आणि झालं म्हणतात. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची, नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरतात. मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू होतो, सगळ्या गावांना सरसकट नाही, त्यामुळे कायदा बघून घेईल म्हणून गावात निवांत राहू नका, कागदात जे लिहिलंय तेच तुमच्या हातात.

खर्चाला घाबरून मालक नको म्हणतात, तर त्यांना आकडा करून दाखवा. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. भाडं ३,५०० गुणिले ११ म्हणजे ३८,५००, डिपॉझिट १५,००० असेल तर त्यावर वर्षाचं दहा टक्के व्याज धरतात म्हणजे १,५००, एकूण ४०,०००, त्याचा पाव टक्का १०० रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, शहरात १,०००. वर ऑनलाइन करून देणाऱ्याची त्याची फी. आधार आणि अंगठा लागतो, रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावं लागत नाही, करून देणारा मशीन घेऊन घरी येतो. मालक आजोबा असतील तर ही शेवटची गोष्ट आधी सांगा, त्यांचा अर्धा विरोध तालुक्याला जायच्या कंटाळ्याचा असतो.

करारात हे लिहून घ्या: डिपॉझिट किती आणि खोली सोडल्यापासून किती दिवसांत परत, नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंनी, लाइट सब-मीटरने किती रुपये युनिट, आणि पाणी. हो, पाणी लिहा. 'उन्हाळ्यात पाणीपुरवठा बंद झाल्यास भाडेकरू डिपॉझिट न कापता खोली सोडू शकेल', मी दुसऱ्या खोलीच्या करारात हे लिहून घेतलं, काका हसले, पण सही केली.

भाडं बँकेतून किंवा फोनवरून द्या. रोखच पाहिजे म्हणाले तर एक छोटी वही करा आणि दर महिन्याला सही घ्या. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायचीय, ती मालक टाळतात, तुम्ही मागे लागा, ती पोचपावती नंतर पत्त्यासाठी कामी येते. ऑफिसात एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, घेत असाल तर पावत्या ठेवा, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तरच मालकाचा पॅन मागतात, आणि गावातल्या खोलीचं तेवढं होत नाही, हे मालकांना सांगितलं की चेहरा मोकळा होतो.

लाइटचा सब-मीटर

तीन-चार खोल्या एकाच मीटरवर असतात. महावितरणचे दर टप्प्याने चढतात, पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढची महाग, आणि सगळ्यांची युनिटं एका बिलात आली की सगळेच वरच्या टप्प्यात जातात. मालक म्हणतो बारा रुपये युनिट, तो लुबाडतोय असं दरवेळी नसतं. एकदा त्यांचं अख्खं बिल मागा आणि भागाकार करून बघा. आत शिरायच्या दिवशी सब-मीटरचा फोटो काढून मालकाला तिथल्या तिथे पाठवा.

स्टेप ७: सामान टाकल्यावर

गॅसचा पत्ता बदलेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळू शकतं, पण घरचे तिकडे त्याच कार्डावर घेत असतील तर आधी फोन करून त्यांना विचारा, नाहीतर आई ओरडेल.

एक कॉट घ्या. चैन म्हणून सांगत नाहीये, पावसाळ्यात मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, चावलेलं कळतही नाही कधी कधी. दाराखालची फट कापड कोंबून बुजवा, रात्री बाहेर जाताना बॅटरी. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, रात्री डॉक्टर असतात का, आणि साप चावला तर गावातले लोक कुठे नेतात, हे पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. अँब्युलन्ससाठी १०८. मांत्रिकाकडे न्यायची घाई करणारे अजून असतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, गाडी बोलवा.

गावात राहायचं तर गावात दिसायला पण हवं. सकाळी पहिल्या गाडीला आणि रात्री शेवटच्या गाडीला येणारा माणूस वर्षभर परकाच राहतो, मग टँकर आला तर तुमचा हंडा कोण भरणार? हनुमान जयंतीला, सप्त्याला पन्नास-शंभर वर्गणी द्या, एक संध्याकाळ पंगतीला बसा, वाढायला उभे राहिलात तर आणखी बरं.

सोडताना

महिनाभर आधी सांगा आणि मेसेजही टाका, नुसतं तोंडी नको. गावात डिपॉझिट बँकेत पडून नसतं, ते कधीच बियाण्याला नाहीतर पोरीच्या लग्नाला गेलेलं असतं, आणि काकांना ते जुळवायला वेळ लागतो. म्हणून मी शेवटच्या दोन खोल्यांच्या मालकांना सरळ विचारलं, काका, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करूया का? दोघेही लगेच हो म्हणाले, एकाने तर सुटल्यासारखा श्वास सोडला. मीटरचा फोटो, खोलीचा फोटो, चावी हातात देतानाची एक सही त्याच वहीवर. आणि पाण्याचा तो ड्रम परत वाहून नेऊ नका, पुढच्या भाडेकरूला अर्ध्या किमतीत द्या, त्याला लागणारच आहे.